आमच्या घरातल्या वेंधळ्या बायका

मला घरात 'पंचनामा' म्हणतात. मी सात वर्षांची असताना दादाने हे नाव ठेवलं. शेजाऱ्यांचं मांजर मेलं होतं, आणि ते शेवटचं कुणी पाहिलं, काय खाल्लं, कुठे बसलं होतं, हे विचारत मी चार घरं फिरून आले होते. मांजर म्हातारं होतं म्हणून मेलं, एवढंच शेवटी निघालं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता चोवीस वर्षांची झाले तरी सुटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर खोडही गेलेली नाही.

आमचं पत्र्याचं काम. पुढे दुकान, मागे कारखाना आणि वर घर. पेट्या, पिंपं, नरसाळी, धुराडी, पाण्याच्या टाक्या, असं जे जे पत्र्याचं होतं ते आम्ही करतो. सहा हातोडे एका वेळी चालू असले की आत आलेल्या गिऱ्हाइकाचं तोंड नुसतं हलताना दिसतं. म्हणून कारखान्यात सगळे हातांनी बोलतात. कात्री हवी असली तर दोन बोटं मनगटावर, पत्रा पालटायचा असला तर तळहात उलटा, चहाची वेळ झाली की अंगठा ओठांना. ही भाषा आम्हाला तोंडाने बोलायच्या आधी येते. माझं काम दुकानातलं. गिऱ्हाइकाचं ऐकायचं, मापं घ्यायची आणि कागदाचा फर्मा कापून आत द्यायचा. त्या फर्म्यावरून पत्रा कापतात. फर्मा एका रेघेने चुकला तर सांधा बसत नाही, आणि मग बाबा माझ्याकडे असं बघतात की त्यापेक्षा दोन शिव्या दिलेल्या परवडल्या.

बाबांना ऐकू येत नाही. आजोबांनाही येत नव्हतं. आमच्याकडे पुरुषांचे कान तिशीच्या आसपास कमी होऊ लागतात आणि पन्नाशीपर्यंत पार जातात. त्याचं कुणी दुःख करत नाही, उलट तो मान आहे. 'हातोड्याने कान घेतले' म्हणतात, म्हणजे माणूस पक्का कारागीर झाला. दादा एकोणतीसचा आहे. गेल्या वर्षी त्याला दारावरची घंटा ऐकू आली नाही, तेव्हा बाबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला हेवा वाटला, कारण बायकांच्या हातात आमच्याकडे हातोडा देत नाहीत.

हातोडा नाही म्हणजे बायकांचे कान जायचा प्रश्नच नाही. हे इतकं उघड होतं की कुणाला ते कधी बोलून दाखवावं लागलं नव्हतं.

आणखी एक सांगितलं पाहिजे. आमच्यात लग्नं घरातल्या घरात होतात. बाहेरची मुलगी या आवाजात टिकायची नाही, हातांची भाषा शिकायची नाही, अशी समजूत आहे. आई ही बाबांची आतेबहीण. वहिनी ही माझ्या आत्याची मुलगी, त्यामुळे ती आईला सासूबाई वगैरे म्हणत नाही, लहानपणापासूनचं 'मामी'च म्हणते. आमचा वंशवृक्ष काढायला बसलं तर झाड निघत नाही, टोपली निघते.

तर झालं असं. दादा-वहिनीचं बाळ आठ महिन्यांचं. त्याला आम्ही 'साहेब' म्हणतो, कारण तो हुकूम सोडतो आणि बाकीचे धावतात. एका मंगळवारी दुपारी वहिनी दात दाखवायला गेली आणि साहेबांना आईवर सोपवून गेली. मी खाली दुकानात होते. तासाभराने वहिनी परत आली, आणि पुढचं तिनेच सगळ्यांना सांगितलं. जिन्यातच तिला त्याचं रडणं ऐकू आलं. धावत वर गेली तर त्याचा पाय खाटेच्या दोन गजांमध्ये गुडघ्यापर्यंत अडकलेला, सुजलेला. रडून रडून घसा बसला होता. आणि आई दहा पावलांवर, स्वयंपाकघरात, पाठमोरी उभी राहून शांतपणे भांडी पुसत होती.

पाय मोडला नव्हता. संध्याकाळपर्यंत सूजही उतरली. पण वहिनी सगळ्यांच्या देखत आईसमोर उभी राहिली.

"मामी, आजपासून तुम्ही त्याला एकटीने घ्यायचं नाही."

"माझं लक्ष नव्हतं," आई म्हणाली.

ती एवढंच म्हणाली, आणि याचं कुणाला नवलही वाटलं नाही. आई वेंधळी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दूध उतू जाऊन विझलेल्या शेगडीशी ती उभी असायची, दार वाजलं तर उघडायची नाही, हाक मारली तर ओ द्यायची नाही. बाबा गिऱ्हाइकांसमोरही तिला वेंधळी म्हणायचे. मीही म्हणायचे. किती वेळा म्हटलं ते आठवत नाही, इतकं ते सवयीचं झालं होतं.

साहेबांची खाट वहिनीच्या खोलीत गेली आणि दार लागलं. आई दिवसातून पाच-सहा वेळा काहीतरी निमित्त काढून त्या दारापर्यंत जायची, पदार्थ झाकायचं फडकं हातात धरून थोडा वेळ उभी राहायची आणि परत यायची. दोन मुलं वाढवलेल्या बाईला नातू हातात मिळत नव्हता. तिचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

पण नुसतं वाईट वाटून मी गप्प बसले असते तर माझं नाव पंचनामा पडलं नसतं. माझ्या डोक्यात एक गोष्ट टोचत राहिली. वेंधळा माणूस दूध विसरेल, किल्ल्या विसरेल, स्वतःचं नाव विसरेल. पण मूल घसा बसेपर्यंत दहा पावलांवर ओरडतंय, ते कसं विसरेल? विसरायला आधी ऐकावं लागतं.

मी खडा टाकून पाहायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खालचे हातोडे थांबले होते आणि आई कांदे चिरत होती. मी तिच्या मागे तीन पावलांवर उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "आई, घराला आग लागली आहे." कांदे चालूच. मग जरा मोठ्याने म्हणाले. तेवढ्यात समोरच्या खिडकीतून शेजारीणबाईंनी घाबरून डोकं बाहेर काढलं, त्यांना हाताने नाही-नाही करत मी एक पाऊल पुढे टाकलं, आणि आई लगेच वळली.

"काय गं?"

आमचा वरचा मजला लाकडी फळ्यांचा आहे. ती माझ्या आवाजाने वळली नव्हती, पायाखालची फळी हलल्यामुळे वळली होती.

त्यानंतर चार दिवस मी तिच्यावर डोळा ठेवला. भांडी धुवायच्या जागेच्या वर, भिंतीवर, एक मोठं झाकण नेहमी टांगलेलं असे, आरशासारखं घासलेलं. मला वाटायचं, आईची टापटीप. तिच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्यात अख्खं दार दिसत होतं. जेवताना ती नेहमी खिडकीकडे पाठ करून बसायची, म्हणजे उजेड आमच्या तोंडांवर पडायचा. मी काही सांगायला गेले की ती माझी हनुवटी धरून मला खिडकीशी न्यायची आणि म्हणायची, "इकडे उजेडात ये, बघू दे मला तुझं तोंड." याला मी इतकी वर्षं माया समजत होते. माया होतीच, पण नुसती माया नव्हती.

आणि आमच्या घरात हे खपून जाणं किती सोपं होतं! पुरुष बहिरे, म्हणून सगळेच समोर येऊन, ओठ मोठे करून, हातवारे करून, ओरडून बोलतात. अशा घरात आणखी एकाला ऐकू येत नाही हे कुणाला कळणार? फक्त तान्ह्या बाळाला समोर येऊन हातवारे करता येत नाहीत.

मी बाबांकडे गेले. हातांनी आणि ओठांनी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे पाहून घेतलं आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कान हातोडा घेतो. तुझ्या आईने जन्मात कधी हातोडा धरलाय?"

माझा राग माझ्या जागी, पण त्यांचं म्हणणंही बिनतोड होतं. म्हणून मी पुढचा प्रश्न उलटीकडून घेतला. हातोडा धरूनही ज्याचे कान गेले नाहीत असं कुणी आहे का?

आहे. पुलापलीकडे माझे काका आहेत, बाबांचे धाकटे भाऊ. बत्तीस वर्षांपूर्वी त्यांनी एका बाहेरच्या मुलीशी, शाळेतल्या शिक्षिकेशी लग्न केलं आणि आजोबांनी त्यांना वेगळं काढलं. त्यांनी तिकडे स्वतःचं पत्र्याचं दुकान टाकलं. त्यांचे दोन मुलगे तिशीच्या आसपासचे, पंधराव्या वर्षापासून ठोकतात. दोघांना नीट ऐकू येतं, आणि आमच्या घरात त्याचं कारणही तयार आहे: कामचोर आहेत, म्हणून कान शाबूत.

मोठी कात्री मागायचं निमित्त करून मी गेले. कामचोर म्हणायला जागा नव्हती. दुकानासमोर चार टाक्या तयार उभ्या होत्या, पाचवीवर दोघे घाम गाळत होते, आणि आवाज आमच्याइतकाच, म्हणजे दात हलतील असा. त्यांनी श्वास घ्यायला हातोडे खाली ठेवले तेव्हा मी पाठीमागून, अगदी हळू म्हटलं, "कात्री मिळेल का?" दोघेही वळले. "पंचनामा आली," धाकटा म्हणाला. "आई, कपाटं बंद कर."

काका मात्र ठार बहिरे. काकूने मला आत नेलं, चहा दिला, आणि मी कात्रीसाठी आले नाही हे तिने दोन मिनिटांत ओळखलं. शिक्षिका ती. तिने सांगितलं की तिला हातोड्याची गोष्ट कधीच खरी वाटली नव्हती, पण वेगळी काढलेली सून तोंड उघडणार कुणासमोर? दोन वर्षांपूर्वी ती नवऱ्याला आणि मुलांना एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. मुलांचे कान थोडे कमी झालेत, पण ते वेगळ्या तऱ्हेने, असं त्या म्हणाल्या होत्या. काकूने मला पत्ता लिहून दिला आणि वर म्हणाली की तुमच्याकडून कुणीतरी विचारायला येईल याची मी बत्तीस वर्षं वाट बघते आहे.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीच्या भिंतींना जाड कापड लावलेलं होतं. आत शिरल्याबरोबर माझा स्वतःचा श्वास मला मोठा वाटू लागला. मी फर्म्याच्या कागदावर यादी करून नेली होती: तीन पिढ्यांतले अकरा पुरुष, कुणाचे कान कितव्या वर्षी कमी झाले, कुणी किती वर्षं हातोडा धरला. यादी नीट होती, मला तिचा अभिमानही होता. बाईंनी ती वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "आणि बायका?"

"आईचंच विचारायला आलेय," मी म्हटलं. "बाकीच्यांचे ठणठणीत आहेत."

"बाकीच्या कशा आहेत, ते सांगा ना. कानाचं सोडा. माणूस म्हणून."

आता माणसांबद्दल बोल म्हटल्यावर मी थोडीच नाही म्हणणार. मी सुरू झाले. आत्या गर्विष्ठ आहे, रस्त्यात हाक मारली तर मान वळवत नाही. आजी हट्टी होती, सांगितलेलं एक म्हणून करायची नाही. आईची आई घुमी, चारचौघांत बसायची नाही, कुणी आलं की आत जायची. आणि आई वेंधळी...

इथे मी थांबले. बाईंनी कधीच पेन खाली ठेवलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत. पुलापलीकडे जाऊन आले, अकरा पुरुषांचा पंचनामा केला, आणि घरातल्या बायका माझ्या यादीत नव्हत्याच. पुरुषांचे कान गेले तर त्याला एक मानाचं नाव होतं. बायकांचे गेले तर प्रत्येकीला वेगळा दुर्गुण चिकटवला होता. आणि चिकटवणाऱ्यांत मी होते.

मग बाईंनी मला नीट समजावलं. प्रत्येकाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशा प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती मिळतात. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते, म्हणून कळतही नाही. दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या की मग कान हळूहळू जातात. घरातल्या घरात लग्नं होत राहिली की नवरा आणि बायको दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव फार. बाहेरच्या माणसाकडे बहुधा ती नसते. मला हे लगेच पटलं, कारण माझं कामच ते आहे. एका चुकलेल्या फर्म्यावरून दुसरा फर्मा काढला, त्यावरून तिसरा, तर चूक पत्र्यात नसते, आणि पत्र्याला कितीही ठोकलं तरी ती जात नाही. बाईंनी हेही सांगितलं की हातोडा अगदीच निर्दोष नाही, आवाजाने कान बिघडतातच, आणि कारखान्यात सगळ्यांनी कानांवर झाकणं लावली पाहिजेत. पण आई घरातली की बाहेरची, हे बघून हातोडा कान नेत नाही.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्याची शीर उडत होती. राग कुणाचा ते ठरत नव्हतं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले, आईला खिडकीशी नेलं, आणि या वेळी मी तिची हनुवटी धरली.

"आई, तुला ऐकू येत नाही."

ती घाबरून दाराकडे बघू लागली. "हळू," ती म्हणाली. "बाहेर ऐकू जाईल."

ज्या बाईला मी ओरडले तरी ऐकू येत नव्हतं, ती मला हळू बोलायला सांगत होती. तिने दार लावलं, स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि सगळं सांगून टाकलं. तिला माहीत होतं. माझ्या जन्मानंतर भराभर कमी होऊ लागलं, म्हणजे चोवीस वर्षं झाली. आधी पक्षी गेले, मग घड्याळ, मग माणसं. तिच्या आईचंही असंच झालं होतं, आणि लपवायचं कसं हे आईने तिला लग्नाआधीच शिकवून ठेवलं होतं. झाकणाचा आरसा हीदेखील त्या आजीचीच युक्ती.

"पण का लपवायचं?" मी विचारलं. "बाबांचं काय कुणी लपवतं?"

"पुरुषाचे हातोड्याने जातात. बाईचे कशाने गेले सांगू? रक्ताने, असंच म्हणणार ना? वेंधळ्या बाईच्या मुलीचं लग्न होतं गं. बहिऱ्या बाईच्या मुलीचं होत नाही."

आणखी किती दिवस लपवणार, हे मी विचारलं की तिने माझ्या तोंडावर वाचलं, कोण जाणे.

"तुझं ठरलं की सांगणार होते सगळ्यांना," ती म्हणाली. "तोवर बाळ वहिनीकडे राहू दे. राहीन मी."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. चोवीस वर्षं तिने वेंधळेपणाचा शिक्का कपाळावर मारून घेतला तो माझ्यासाठी, आणि तो शिक्का मीही मारत होते. नातूसुद्धा ती माझ्यासाठीच सोडायला निघाली होती. मी तिला तिथेच सांगितलं की असलं लग्न मला नको. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला. मान खाली असल्यामुळे माझे शब्द तिला कळले नसणार. म्हणून मी उठून, उजेडात येऊन, पुन्हा सांगितलं.

रविवारी हातोडे बंद असतात. मी सगळ्यांसमोर विषय काढला. आई आधी माझ्यावर संतापली आणि मग थकून तयार झाली. बाबा तपासायला तयार झाले ते माझी खोड मोडायला. दोघांना मी त्या कापडाच्या खोलीत नेलं. कानांवर यंत्र लावायचं, आवाज आला की बटण दाबायचं. बाबांनी फारच थोड्या वेळा दाबलं. आईनेही तितक्याच वेळा.

दोन कागद आले. प्रत्येकावर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेघ; ती जितकी खाली, तितकं ऐकू कमी. बाबांनी बाईंना काही विचारलं नाही. फर्मे ताडून बघतात तसे ते दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावून उभे राहिले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत रेघेवर रेघ बसली होती. फक्त एका ठिकाणी बाबांची रेघ बोटाच्या पेराएवढी खाली होती.

"तेवढं हातोड्याचं," बाईंनी कागदावर लिहून दाखवलं.

बाबांनी त्या पेराएवढ्या जागेवर बोट ठेवून पाहिलं. चाळीस वर्षांच्या हातोड्याला एवढंच आलं होतं. मग ते आईकडे वळले, आणि त्यांनी ओरडून नव्हे, कारखान्यातल्यासारखं हातांनी विचारलं, कधीपासून. आईने बोटांनी दोन आणि चार दाखवले.

परत येताना ते दोघे पुढे होते, मी मागे. पुलाच्या अलीकडे बाबा थांबले आणि आईच्या समोर येऊन उभे राहिले. हळू बोलतो आहोत असं त्यांना वाटत असावं, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

"मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलेली असतेस."

आई काय म्हणाली ते मला दिसलं नाही. तिची माझ्याकडे पाठ होती.

मग एकेकाची तपासणी झाली. रक्तही पाठवलं. दादाचे कान कमी झाले होते त्यात हातोड्याचा हात नसल्यासारखाच होता. बिचारा, थोपटलेली पाठ आठवून दोन दिवस खट्टू होता. माझी रेघ सरळ चालत येते आणि अगदी शेवटी, टोकाला, थोडी घसरते. बाईंनी सांगितलं की तिशीनंतर यंत्र लागेल. मला भीती वाटली. रात्रभर मी खिडकीत बसून ऐकू येईल ते सगळं ऐकत राहिले, आणि सकाळी विचारायच्या प्रश्नांची यादी केली. मामाच्या मुलाचं माझ्यासाठी चाललं होतं, ते त्यांच्याकडून गोड शब्दांत परत गेलं. म्हणजे आई चुकली नव्हती. ती त्या दिवशी रडली, मी मात्र दोन घास जास्त जेवले. यापुढे जो येईल त्याला दारातच सगळं सांगायचं, आणि तो नात्यातला नसावा, असं बाबांनी स्वतः ठरवून टाकलं.

साहेबांना आज उत्तम ऐकू येतं. पण रक्ताच्या कागदावर त्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळाल्याचं लिहिलं होतं. वहिनीने तो कागद घडी करून ठेवला. तिचाही वेगळा कागद होता, तो तिने कुणालाच दाखवला नाही. खोलीचं दार बंदच राहिलं. आई अजूनही दारापर्यंत जायची आणि परत यायची. मला वाटलं, आता सगळं कळल्यावर तर वहिनी बाळाला तिच्याकडे मुळीच देणार नाही. बहिऱ्या बाईकडे कोण देईल?

चौथ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नरसाळ्याचा फर्मा कापत होते. आई शेगडीशी होती. वहिनी बाळाला कडेवर घेऊन आली, वळसा घालून आईच्या समोर, खिडकीशी उभी राहिली, आणि तिने बाळ आईच्या हातात दिलं. आईने त्याला असं घट्ट धरलं की तो कुरकुरला.

"मामी," वहिनी म्हणाली, "त्या मंगळवारी मला जिन्यात काही ऐकू आलं नव्हतं."

आई तिच्या ओठांकडे बघत राहिली.

"मी वर आले, चपला काढल्या, पाणी प्यायले. खोलीत गेले तेव्हा तो दिसला. दिसला तेव्हा कळलं. मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. घाबरले आणि सगळं तुमच्यावर टाकलं. माझी रेघ तुमच्या मुलीपेक्षा वाईट आहे. तुम्ही हिला कसं वाढवलंत? मला शिकवा."

मला वाटलं होतं, आई आता काहीतरी लागेल असं बोलेल. मी असते तर बोलले असते, चांगलं तासभर. आईने फक्त एका हाताने शेगडी बंद केली.

"तेव्हा पाळणा होता," ती म्हणाली. "दोरी सारखी हातात धरून बसायचे मी. लोक म्हणायचे, काय हौस आहे, दिवसभर झोके देते. झोके कुठले. मूल हललं की दोरी हलायची. तुझी खाट हलत नाही, आणि दोरी मागायची तर का ते सांगावं लागलं असतं."

मग तिने वहिनीला खाली बसवलं, साहेबांना तिच्या मांडीवर पालथं घातलं आणि तिचा तळहात त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये ठेवला. रडायच्या आधी इथे कळतं, ती म्हणाली. आधी पाठ ताठ होते, मग श्वास थांबतो, मग मोठा भरतो. डोळे मीट. वहिनीने डोळे मिटले. पहिल्यांदा ती चुकली, नुसती ढेकर होती. आई हसली. दुसऱ्यांदाही चुकली. साहेब आता या प्रकाराला कंटाळले होते आणि पाय झाडत होते. मी कात्री खाली ठेवली आणि कान देऊन बसले.

"आता," वहिनी म्हणाली.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग तो रडायला लागला.